एका झाडूने देवगिरी कसा घेतला? मॅजिक आयटम, स्पेल लेव्हल आणि बॅलन्स

या आठवड्याचा एपिसोड ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हा लिहून काढलाय.

आधी एक कबुली. माझ्या चुकीमुळे आमच्या टेबलवर फायटर खेळणारा मित्र गेमच सोडायला निघाला होता. चूक तशी छोटी होती. मी पार्टीला एक उडता झाडू दिला होता.

झालं असं, की डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या आमच्या कॅम्पेनसाठी मी देवगिरीवरून नकाशा काढला. दौलताबादचा किल्ला आपल्यातल्या बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. शहरापासून साधारण १५ किलोमीटर, वेरूळच्या रस्त्यावर. पण तो एकदा डीएमच्या नजरेने बघा. सुमारे २०० मीटर उंच डोंगर, खालचा कडा तासून सरळ उभा केलेला. भोवती खंदक आणि तो ओलांडायला एकच वाट. पुढे अंधारी, म्हणजे खडकात कोरलेला काळाकुट्ट, वळणावळणाचा बोगदा. असं रेडिमेड डंजन दुसरं कुठे मिळणार?

पाचव्या लेव्हलची चौघांची पार्टी खंदकापाशी पोचली. विझार्ड झाडूवर बसला आणि एकेकाला मागे बसवून वर सोडून आला. खंदक, कडा, अंधारी, तिन्ही बाद! फायटरने दोर काय, पहारेकऱ्याचे कपडे काय, सगळा प्लॅन करून ठेवला होता. तीन तासांत त्याने दोनदा फासा टाकला. रात्री मेसेज आला, "पुढच्या रविवारी मी नाही येत रे."

दोन लेव्हलमधला घोळ

नवीन खेळणारे इथे हमखास गोंधळतात. कॅरेक्टरची लेव्हल १ ते २०, आणि स्पेलची लेव्हल १ ते ९. पाचव्या लेव्हलचा विझार्ड पाचव्या लेव्हलचे स्पेल टाकत नाही. त्याला तेव्हा तिसऱ्या लेव्हलचे स्पेल मिळतात, आणि त्या लेव्हलचे स्लॉट असतात फक्त दोन. रात्रभराची लाँग रेस्ट झाली की ते परत येतात.

तिसरी लेव्हल मोठी उडी आहे. फायरबॉल इथलाच. आठ फासे, सरासरी २८ डॅमेज, आणि तेही २० फूट त्रिज्येतल्या सगळ्यांना. कॅरेक्टरच्या पाचव्या लेव्हलला फायटरला एका टर्नमध्ये दोन वार मिळतात. दोन्ही लागले तरी साधारण १७-१८ डॅमेज, तेही फार तर दोघांना. मग विझार्डच भारी? एका लढाईपुरता, हो. पण फायटरची तलवार दिवसभर चालते आणि फायरबॉल दोनदाच. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर स्लॉट म्हणजे रेट लिमिट. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात दिवसाला सहा ते आठ लढायांचा हिशोब धरलाय, तो याचसाठी. आपण रविवारी एकच लढाई खेळतो आणि म्हणतो, विझार्ड ओपी आहे!

मग झाडूने काय बिघडवलं?

उडायचा स्पेलही तिसऱ्या लेव्हलचाच आहे, फ्लाय. एक स्लॉट, एक माणूस, जास्तीत जास्त दहा मिनिटं. त्यात कॉन्सन्ट्रेशन लागतं, म्हणजे मध्येच बाण लागला तर स्पेल तुटून माणूस खाली येऊ शकतो. कुणीतरी वर जाऊन दोर सोडेल, पण त्या बदल्यात एक फायरबॉल गेला. इथे प्रत्येक सोयीची किंमत मोजावी लागते.

झाडूला स्लॉट नाही, वेळेची मर्यादा नाही, कॉन्सन्ट्रेशन नाही. अट्यूनमेंटही नाही. म्हणजे एका माणसाला फार तर तीन वस्तूंशी जुळवून घेता येतं, त्या तीनमध्येही तो मोजला जात नाही. वर हा झाडू अनकॉमन, आणि प्लस वन तलवारही अनकॉमन! तलवार काय देते? लागण्याची शक्यता ५ टक्क्यांनी जास्त आणि एक डॅमेज. दोघांवर लेबल एकच, पण तलवारीने लढाई थोडी सोपी होते आणि झाडूने अख्खा किल्ला नकाशावरून पुसला जातो.

म्हणून वस्तू देताना "किती ताकदवान?" एवढंच विचारू नका. "कुठली अडचण ही कायमची आणि फुकटात संपवते?" हे विचारा.

मिठाची पोती

१२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने वेढा दिला तेव्हा रामदेवराय यादव गडावर होते. धान्याची म्हणून वर नेलेली पोती मिठाची निघाली, ही हकिकत आपण लहानपणापासून ऐकतो. कडा, खंदक सगळं जागच्या जागी होतं, संपलं ते धान्य.

आता गडावर पाचव्या लेव्हलचा एक क्लेरिक आहे असं समजा. क्रिएट फूड अँड वॉटर, तिसरी लेव्हल, एका वेळी १५ माणसांचं दिवसाचं जेवण. दोन्ही स्लॉट घातले तर ३० माणसं जेवतील, पण त्या दिवशी क्लेरिककडे मोठा स्पेल उरणार नाही. बाकीचं सैन्य तरीही उपाशीच. स्पेलने अडचण हलकी केली, पण संपवली नाही. याला म्हणतात बॅलन्स. तेच गडावर रोज हवं तेवढं धान्य देणारं एखादं जादूचं पोतं असतं, तर वेढ्याला अर्थच उरला नसता.

आम्ही काय केलं?

झाडू काढून घेतला नाही. हातात आलेली वस्तू डीएमने हिसकावली की सगळ्यांनाच खटकतं. मी टेबलवर सरळ सांगितलं, "माझा अंदाज चुकला." मग सगळ्यांच्या संमतीने नियम केला, दिवसात तीनदा, दर वेळी दहा मिनिटं.

दुसरा बदल मात्र विझार्डनेच सुचवला. "मला फ्लाय येतोच की. झाडू फायटरला दे." ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. ज्याच्याकडे स्लॉट आहेत त्यालाच मी आणखी एक फुकटचा स्पेल देऊन बसलो होतो. ज्याच्याकडे एकही स्लॉट नाही, वस्तूची खरी गरज त्याला होती.

गेल्या रविवारी तो आला. झाडूची तिन्ही उड्डाणं पहिल्या तासातच उडवली आणि मग पायऱ्या चढत बसला. पण फासे सगळ्यात जास्त त्यानेच टाकले.

तुमच्या टेबलवर कुठल्या वस्तूने असा घोटाळा केला, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!