मोजकी अक्षरे, मोकळा कागद

गल्ल्यावर बसण्यापेक्षा स्वतः काही घडवावे आणि ते ऑनलाइन विकावे, अशी ओढ आपल्या घरांतील तरुण मुलामुलींना लागली आहे. वह्या, शुभेच्छापत्रे, कप, सुती टॉवेल; त्यांवर चित्र नाही, नक्षी नाही, केवळ एखादा शब्द. वडीलधाऱ्यांना सहज प्रश्न पडतो, यात विकण्याजोगे ते काय?

विकली जाते ती मोकळी जागा. आपल्या ग्रंथभांडारांतील ताडपत्री पोथ्यांत दोरा ओवण्याच्या छिद्राभोवती कोरी जागा सोडलेली असे. पुढे कागद आला, छिद्राची गरज सरली, तरी लेखनिकांनी ती जागा राखली. युरोपात यान त्शिखोल्ट याने 1928 मध्ये नव्या अक्षरमांडणीवर ग्रंथ लिहून, कोरा भाग हाही रचनेचाच घटक असल्याचे प्रतिपादन केले. आपल्याला ही दृष्टी परकी नाही.

मात्र शब्द एकच असला की चुकीला आडोसा उरत नाही. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक म्हणजे सगळा माल बाद. देवनागरीत वेलांटी-मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली उतरतात. रोमन अक्षरांसाठी आखलेले ओळींतील अंतर येथे अपुरे पडते. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून निराळी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने 2009 च्या निर्णयात ती निश्चित केली आहेत. घरच्या संगणकावर नीट दिसणारे जोडाक्षर छापखान्यात फुटते, कारण तेथे तो फॉन्ट नसतो. म्हणून अक्षरांचे बाह्यरेषांत रूपांतर करूनच फाइल द्यावी आणि एक नमुना हातात घेतल्यावाचून संमती देऊ नये.

फॉन्ट ही दुसऱ्याची मालमत्ता आहे, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचा ‘मुक्त’ खुल्या परवान्यावर मिळतो. तो वापरून केलेल्या वस्तू विकता येतात, फक्त फॉन्ट सुटा विकता येत नाही. ‘फुकट’ म्हणून मिळणारे इतर कित्येक फॉन्ट केवळ खासगी वापरापुरते असतात. परवाना वाचावा, त्याची प्रत हिशेबाच्या कागदांत ठेवावी.

खरी कसोटी भांडवलाची. ऑफसेटमध्ये प्लेटचा खर्च आधीच होतो, त्यामुळे नग वाढले की दर उतरतो आणि हा उतरता दरच नवख्याला भुरळ घालतो. समजा, साठ रुपये दराने 500 वह्या छापल्या, तर तीस हजार रुपये कपाटात बसले. डिजिटल छपाईत 50 वह्या महाग पडतील. पण कोणता शब्द खपतो ते कळेल. मला हा महागडा मार्गच स्वस्त वाटतो. राज्यांतर्गत छोट्या विक्रेत्याला ऑक्टोबर 2023 पासून मर्यादेखालील उलाढालीवर जीएसटी नोंदणीविना ई-कॉमर्स मंचावर माल विकता येतो, नावनोंदणी मात्र लागते. परराज्यात माल पाठवायचा तर आधी सल्लागाराला विचारावे.

राहिला पवित्र शब्दांचा प्रश्न. नवकार मंत्र कपावर छापू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो कप उष्ट्या भांड्यांत पडणारच. क्षमापना पत्रावर ‘मिच्छामि दुक्कडम्’ शोभते, मागणीही ठरलेली असते. त्यासाठी आषाढातच काम छापखान्यात जायला हवे. आणि पत्रावर वीर संवताचा आकडा घालू नये, म्हणजे उरलेला गठ्ठा पुढच्या पर्युषणालाही कामी येतो.