बोटांनी पाहण्याची विद्या

जपानी ॲक्युपंक्चरला आजचे वळण देणाऱ्यांत सुगियामा वाइची (१६१०–१६९४) हा अंध वैद्य अग्रणी. त्याने सुई नळीतून टोचण्याची पद्धत रूढ केली. सुईहून किंचित आखूड नळी त्वचेवर टेकवायची आणि वर उरलेल्या टोकावर हलकी टिचकी मारायची. अगदी बारीक सुईही मग न वाकता शिरते, टोचल्याचे फारसे जाणवत नाही. टोचणे बहुधा उथळच.

खरे काम त्याआधीचे. वैद्य नाडी, पोट, पाठ चाचपतो. ताठरपणा कुठे, शिथिलता कुठे, हे शोधतो. एक हात सुई धरतो, दुसरा त्वचेवरून हलत नाही. आमच्या चिखलीतला जाणता फिटर जॉबवर बोट फिरवून खडबडीतपणा ओळखतो, त्याच जातीचे हे ज्ञान.

या उपचाराच्या गुणाविषयी वैद्यकात मतभेद आहेत. मला मोलाचे वाटते ते वेगळेच. सुगियामाने अंधांच्या शिक्षणाची व्यवस्था उभारली. जपानमध्ये आजही अंध व्यक्ती परवाना घेऊन हा व्यवसाय करतात. तिथे स्पर्शाला विद्येचा मान मिळाला. ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा करणाऱ्या महाराष्ट्रानेही आपल्या अंध मुलामुलींसाठी हा विचार करावा.