काळी माती आणि तिचा कस



गावठाण ती पांढरी आणि शेत ती काळी, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. पांढरकवड्याच्या आसपास कुठल्याही धुऱ्यावर उभे राहा. कापूस-तुरीची काळीभोर जमीन दिसेल. माती जितकी काळी तितकी कसदार, असा आपला समज. तो अर्धाच खरा आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून काळा दगड झाला. तो झिजून ही चिकण माती बनली. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. म्हणून वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल, चुना, पालाश ती चांगली धरून ठेवते. नत्र मात्र बव्हंशी कुजलेल्या पालापाचोळ्यातून येते, आणि तिथेच ती गरीब आहे.

आपण म्हणाल, युक्रेनची काळी माती कशी सुपीक? तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते, कुजणे थांबते, गवताचा अंश शतकानुशतके साठतो. आपल्याकडे जमीन बाराही महिने उबदार. त्यात ओल मिळाली की सूक्ष्म जीव तो अंश झपाट्याने फस्त करतात. उरलेला थोडासा चिकण कणांना घट्ट चिकटतो आणि तेवढ्यानेही माती काळी दिसते. म्हणजे त्यांची जमीन भरलेली कणगी, तर आपली हातावर पोट असलेल्या घरासारखी. तिला दरसाल द्यावे लागते.

आणि आपण काय करतो? पऱ्हाटी पेटवतो! राखेत पालाश उरते, नत्र धुरावाटे जाते. ज्यांची चूल तिच्यावर चालते त्यांना दोष कसा द्यावा? पण धुऱ्यावर उगाच जळते ती तरी वाचवा. रचून ठेवू नका, गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. बारीक करून शेणासोबत खड्ड्यात कुजवा. तुरीचा गळलेला पाला शेतातच राहू द्या. माती-परीक्षणाच्या पत्रिकेत सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याखाली असेल, तर हे काम यंदाच हाती घ्या.

गुरुजी, मुलांना एक प्रयोग दाखवा. एक वाळले ढेकूळ धुऱ्यावरच्या जुन्या निंबाखालचे, दुसरे शेताच्या मधले. दोन पेल्यांतील पाण्यात हलकेच सोडा. पाल्यावर पोसलेले ढेकूळ बहुधा अधिक वेळ आकार धरील. दुसरे भराभर विरेल. रंग दोघांचा काळाच. कस कुणात, हे मुले आपणच सांगतील.