दुकानाची पाटी आणि ‘बालू’चे जाड अक्षर

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढण्याआधी पाटी वाचते. तरीही आपले व्यापारी बंधू पाटीचा पत्रा, दिवे आणि रंग यांवर हात सैल सोडतात व अक्षर मात्र पाटी करणाऱ्याच्या मर्जीवर ठेवतात. वास्तविक कापडाप्रमाणे अक्षरालाही पोत आणि वजन असते. कोणते अक्षर कोठे वापरावे हे समजण्यासाठी ‘बालू’ या फॉन्टचे उदाहरण चांगले आहे.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने तो तयार केला. नाव किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधील अस्वलाचे, आणि अक्षरही तसेच: अंगाने भरलेले, वळणे मऊ, स्वभाव थोडा खोडकर. लांबून ठळक दिसते, पण दरडावत नाही. मुलांचे कपडे, खेळणी, मिठाई, सेलचा फलक येथे ते शोभते. लग्नाच्या भारी शालूंच्या दुकानाला ते पोरकट वाटेल, शोकसंदेशाला तर मुळीच चालणार नाही.

त्याची खरी खुबी त्याच्या खानदानात आहे. देवनागरीसाठी ‘बालू’, गुजरातीसाठी ‘बालू भाई’, बंगालीसाठी ‘बालू दा’, गुरुमुखीसाठी ‘बालू पाजी’, तमिळसाठी ‘बालू तंबी’ आणि उर्दूसाठी ‘बालू भाईजान’. ओडिया, कन्नड, तेलुगू, मल्याळम हे भाऊही आहेत. इंग्रजी अक्षरे सोबत मिळतात. एकाच पाटीवर मराठी, उर्दू व इंग्रजी लिहिताना तिन्ही अक्षरे एकाच थानातून कापल्यासारखी दिसतात. मात्र ‘भाईजान’ आडव्या ओळीत चालतो. नस्तालिकची उतरती चाल हवी असेल त्यांनी खुशनवीसाकडेच जावे.

महाराष्ट्रात हा मुद्दा केवळ शोभेचा नाही. २०२२ च्या दुरुस्तीनुसार पाटीवर देवनागरीतील मराठी अक्षरे आधी हवीत व ती अन्य लिपीपेक्षा लहान नसावीत. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. तेव्हा मराठी नाव कोपऱ्यात बसवून भागत नाही, ते पहिल्या नजरेत भरले पाहिजे.

आता आमच्या धंद्यातील अनुभव. जाडसर सुती पिशवीवर स्क्रीनने छापताना बारीक रेघ विणीत तुटते, जाड रेघ टिकते. पण तेच जाड अक्षर लहान केले तर शाई पसरून ‘क’ व ‘ह’ यांची पोकळी बुजते, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. कॉलरच्या विणलेल्या लेबलावरही हीच गत. म्हणून जाड ‘बालू’ फक्त नावासाठी ठेवावा. भाव, पत्ता, माल परत घेण्याच्या अटी साध्या, बारीक अक्षरात छापाव्यात. अट वाचता आली नाही तर गिऱ्हाइकाशी वाद ठरलेलाच. मूळ ‘बालू’ एकाच जाडीचा होता. पुढे आलेल्या ‘बालू २’ मध्ये पाच जाड्या आहेत, त्यामुळे निवड सोपी होते.

हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळतो. पाटी, बिल, पिशवी यांवर खुशाल वापरावा. नुसता फॉन्ट विकण्यास मात्र परवानगी नाही. काम देताना छापणाऱ्याला अक्षरांचे ‘कर्व्ह’ करून फाइल द्यावी, नाहीतर त्याच्या संगणकावर फॉन्ट नसल्यास भलतेच अक्षर उमटते. आणि पाटी पक्की करण्यापूर्वी नमुना कागदावर काढून रस्त्याच्या पलीकडून एकदा वाचून पाहावा.