दाब, धर, सोड

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला येणाऱ्या गाड्यांची एक तक्रार इथल्या मेकॅनिकला पाठ असते: "शेवटच्या वळणांवर पेडल मऊ पडलं, गाडी थोडी थांबवली तर पुन्हा ठीक." पॅड पाहावेत तर चांगले जाड. दोष बहुतेक वेळा ब्रेक ऑइलमध्ये असतो.

द्रव दाबून आकसत नाही, म्हणून पायाचा जोर नळ्यांमधून चाकांपर्यंत पोचतो. पण हे तेल हवेतली ओल पितं, रबरी होजमधूनसुद्धा. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. नवं डॉट ३ तेल २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळता कामा नये. ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० वर येते. दुसऱ्या गिअरऐवजी नुसत्या ब्रेकवर घाट उतरला, की तापलेल्या कॅलिपरमध्ये तेलाला उकळी फुटते. वाफ मात्र दाबली जाते. पाय खाली जातो, गाडी पुढेच.

गॅरेजातल्या काकांनी डबीतलं जुनं तेल पिचकारीने ओढलं. कोऱ्या चहासारखं काळपट. नवं ओतून ते मागच्या डाव्या चाकाशी बसले. मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तेव्हा ते पुस्तिका उघडतात. निप्पलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. पोरगा सीटवर.

"दाब."

"दाबलं, काका."

"धर."

पाना पाव फेरा फिरला, नळीतून बुडबुडे गेले. निप्पल घट्ट झाल्यावरच "सोड". हा क्रम चुकला तर काढलेली हवा परत आत. गाडी जुनी असल्याने पेडलखाली लाकडी ठोकळा होता: पेडल तळापर्यंत गेलं तर सिलिंडरच्या गंजक्या, एरवी न वापरलेल्या भागावर सील घासून फाटतं.

नुसतं तेल वाढवून देणाऱ्यांवर काकांचा राग आहे, आणि तो मला पटतो. पॅड झिजले की पातळी उतरतेच. ती भरून टाकली तर झीज झाकली जाते, गळती असली तर तीही. शिवाय पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की डबी भरून वाहते आणि खालचा रंग सोलून निघतो.

चारही चाकं झाल्यावर त्यांनी इंजिन बंद ठेवून पेडल अनेकदा दाबलं. ते दगडासारखं घट्ट झालं. पाय तसाच ठेवून चावी फिरवली, पेडल किंचित खाली आलं. म्हणजे बूस्टरही शाबूत. उरलेलं अर्धं तेल मी मागितलं, तर म्हणाले, "फोडलेला डबा घरी ठेवून काय करणार? तोही ओल पितोच."