शेवाळ उचलताना कॅनकूनची वाळूही जातेय, ती कशी?

निळेशार पाणी, पांढरीशुभ्र वाळू. मेक्सिकोतल्या कॅनकूनचं एखादं रील तुमच्याही फीडवर येऊन गेलं असेल. पण एप्रिल ते ऑगस्टमध्ये तिथे गेलात, तर त्याच वाळूवर तपकिरी शेवाळाचे ढीग दिसू शकतात. शिवाय सडक्या अंड्यांसारखा वास. तो रीलमध्ये येत नाही, एवढंच.

या शेवाळाचं नाव सरगॅसम. आपल्या कोकणातल्या खडकांवरही याच्या काही जाती वाढतात, पण त्या खडकाला धरून. अटलांटिकमधल्या दोन जातींना खडक लागतच नाही. हवा भरलेल्या मण्यांएवढ्या फुग्यांवर त्या आयुष्यभर तरंगतात आणि तुटलेला तुकडाही पुन्हा वाढू लागतो.

कोलंबसच्या खलाशांनी १४९२ मध्येच हे शेवाळ पाहिलं होतं. मग आता नवीन काय? २०११ पासून ते नेहमीची जागा सोडून खूप दक्षिणेला, उष्ण कटिबंधात वाढू लागलंय. २०१८ मध्ये पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत त्याचा ८,८५० किलोमीटरचा पट्टा उपग्रहांना दिसला. मे २०२५ मध्ये त्याचं वजन सुमारे ३ कोटी ७५ लाख टनांवर गेल्याचा अंदाज दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठाने दिला. तोवरचा हा विक्रम होता. पाण्यातली वाढती पोषकद्रव्यं, वारे, प्रवाह, तापणारा समुद्र अशी कारणं सांगितली जातात.

मग उचलून टाका ना!

इथेच खरी गोम आहे. ओल्या शेवाळात वाळू अडकलेली असते. जेसीबीसारखी यंत्रं लावली, की ढिगाबरोबर तीही ट्रकमध्ये जाते आणि किनारा खचत जातो. वर यंत्रांच्या वजनाखाली समुद्री कासवांची घरटी चिरडायची भीती.

बरं, नाही उचललं तर? सडताना त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात. काठाजवळचं पाणी चहासारखं तपकिरी होतं आणि तळाशी ऊन पोहोचत नाही. तिथलं समुद्री गवत मरतं. या गवताच्या मुळांनीच तळाची वाळू धरून ठेवलेली असते! म्हणजे उचललं तरी वाळू जाणार, ठेवलं तरी जाणार.

कॅनकूनला वाळू जाण्याचा अर्थ नीट ठाऊक आहे. २००५ च्या विल्मा चक्रीवादळाने किनारा धुवून नेला, तेव्हा समुद्रतळाची वाळू उपसून तो पुन्हा भरावा लागला. इथली हॉटेलं, टॅक्सीवाले, डायव्हिंग शिकवणारे, सगळ्यांचं पोट याच पट्टीवर आहे.

म्हणून आता शेवाळ काठाला लागण्याआधीच अडवण्याचा प्रयत्न होतो. समुद्रात तरंगते अडथळे लावलेत, मेक्सिकोचं नौदल खास बोटींनी ते गोळा करतं. जे निसटतं ते हॉटेलांचे कामगार पंजे आणि हातगाड्या घेऊन उचलतात. हे हळू होतं, पण वाळू कमी जाते.

गंमत म्हणजे थोडं शेवाळ किनाऱ्याला हवंच असतं. अमेरिकेत टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनमध्ये ते ढकलून वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी टाकतात. उडणारी वाळू त्यात अडकते, झाडोऱ्याला खत मिळतं. पण तपकिरी ढिगासमोर फोटो काढायला कॅनकूनला कोण जाणार? त्यामुळे तिथले कामगार पहाटेच पंजे घेऊन उतरतात आणि अनेकदा दुसऱ्या दिवशी तेवढंच शेवाळ पुन्हा आलेलं असतं.