मारफान सिंड्रोम : डोळ्यांच्या विकारांचे व्यवस्थापन

प्रास्ताविक

शरीरातील अवयवांना आधार देण्याचे व एकमेकांशी जोडून ठेवण्याचे काम संयोजी ऊती करतात. या ऊतींत जन्मतःच दोष असेल, तर त्याचे परिणाम एकाच वेळी अनेक अवयवांवर होतात. मारफान सिंड्रोम हा असाच एक आनुवंशिक विकार होय. फ्रेंच बालरोगतज्ज्ञ आंत्वान मारफान यांनी १८९६ मध्ये लांबसडक हातपाय व बोटे असलेल्या एका मुलीचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने हा विकार ओळखला जातो.

डोळ्यावर परिणाम का होतो?

पंधराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात बदल झाल्याने फायब्रिलिन-१ हे प्रथिन सदोष बनते. डोळ्यातील भिंग ज्या सूक्ष्म तंतूंनी जागच्या जागी धरून ठेवलेले असते, ते तंतू मुख्यतः याच प्रथिनाचे असतात. ते सैल झाले किंवा तुटले, की भिंग बहुधा वरच्या व बाहेरच्या बाजूस सरकते. निम्म्याहून अधिक रुग्णांत असे घडते. शिवाय नेत्रगोल लांबट झाल्याने तीव्र लघुदृष्टी येते व दृष्टिपटल सुटण्याचा धोका वाढतो. काचबिंदू व कमी वयातील मोतीबिंदू यांचीही शक्यता अधिक असते.

व्यवस्थापन

१. नियमित तपासणी : निदान झाल्यापासून दरवर्षी बाहुली विस्फारून तपासणी करावी. भिंग किंचित सरकले असल्यास साध्या तपासणीत ते दिसत नाही.

२. चष्मा : बहुतेक रुग्णांचे काम योग्य चष्म्याने किंवा कॉन्टॅक्ट लेन्सने भागते. लहान मुलांत मात्र विलंब नको. अस्पष्ट प्रतिमेची सवय झालेला डोळा ‘आळशी’ बनतो आणि ही हानी मोठेपणी भरून काढणे कठीण असते.

३. शस्त्रक्रिया : चष्म्याने दृष्टी सुधारत नसेल किंवा सरकलेल्या भिंगामुळे डोळ्यातील दाब वाढला असेल, तर भिंग काढावे लागते. भूल देण्यापूर्वी हृदयाची तपासणी आवश्यक असते.

४. दक्षता : डोळ्यांपुढे अचानक प्रकाश चमकणे, काळे ठिपके तरंगणे किंवा पडदा आल्यासारखे वाटणे ही दृष्टिपटल सुटत असल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. मुष्टियुद्ध, कबड्डी यांसारखे धक्काबुक्कीचे खेळ टाळावेत.

डोळा आणि हृदय

हेच सदोष प्रथिन महाधमनीच्या भित्तिकेतही असते. ती हळूहळू रुंदावून फाटल्यास मृत्यू ओढवू शकतो. २०१० च्या सुधारित निदान-निकषांत महाधमनीचे रुंदावणे व भिंगाचे सरकणे या दोन खुणांना सर्वाधिक महत्त्व दिले आहे. म्हणून उंच, सडपातळ मुलाच्या चष्म्याचा नंबर वारंवार बदलत असेल, तर केवळ नवा चष्मा देऊन थांबू नये. भिंग सरकल्याचे आढळल्यास हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी. आईवडिलांपैकी एकास विकार असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. त्यामुळे भावंडांचीही तपासणी व्हावी.

सारांश

मूळ जनुकीय दोष दूर करणारा उपचार उपलब्ध नाही, परंतु वेळेवर केलेल्या तपासणीने दृष्टी टिकवता येते. कित्येकदा हीच तपासणी रुग्णाचा जीवही वाचवते.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. भिंग सरकण्यामागील कारण स्पष्ट करा.
२. नेत्रतपासणीचा हृदयविकाराच्या निदानाशी असलेला संबंध तुमच्या शब्दांत लिहा.